नंतर येणारी व्यक्ती

माझा मेव्हणा परदेशी गेला असता, तर त्याला एकूण अकरा गोष्टी मिळणार होत्या. आकडा माझा नाही, त्याचाच. मी फक्त मोजला. दर रविवारी सकाळी तो आमच्याकडे यायचा, पंख्याखालची माझी खुर्ची धरायचा आणि 'या देशाचं काही खरं नाही' या विषयावर जेवणाच्या वेळेपर्यंत बोलायचा. तिकडे पाचला ऑफिसातून उठलं तर 'आज अर्धी सुट्टी का?' असं कोणी विचारत नाही. तिकडे शेजारी पिशवीत डोकावून 'काय आणलंत?' म्हणत नाहीत. तिकडे रांगेत उभं राहिलं की रांग पुढे सरकते. तिकडे वडील 'कुठे निघालास?' असं विचारत नाहीत, कारण वडील इकडे असणार. असं करत करत अकरा. अकरावी गोष्ट म्हणजे मोकळा श्वास. ती तो सगळ्यात शेवटी सांगायचा आणि सांगताना एक मोठा श्वास घेऊन दाखवायचा, तोही आमच्याच घरातला.

तो गेला असता तर मला एकच गोष्ट मिळणार होती. रविवार. म्हणून त्याला पाठवायचं मी मनावर घेतलं.

मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षांत माझ्या स्टोअरातून एक वॉशर चिठ्ठीशिवाय बाहेर गेलेला नाही. तपासणीला येणारे लोक माझं रजिस्टर उघडतात, दोन पानं चाळतात आणि चहा कुठे मिळेल ते विचारतात. त्यामुळे मी छाती काढून म्हटलं, "दादा, नुसतं बोलून कोणी परदेशी जात नाही. अर्ज आणा. हिशेबाला मी बसलो की माणूस पोचलाच समजा."

माणूस पोचला. कोणता, ते मी सांगितलं नव्हतं.

त्या देशाचा नियम सोपा होता. येणाऱ्या माणसाला गुण द्यायचे. वयाला इतके, शिक्षणाला इतके, अनुभवाला इतके, त्यांच्या भाषेला इतके. पासष्ट भरले की या. माणसाच्या आयुष्याचं इतकं स्वच्छ साठापत्रक मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो देश मला तिथेच आवडला. बायकोने आमचं जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं, ते पुढे चार महिने रिकामंच राहिलं. म्हणजे कागदांनी भरलेलं. आम्ही जमिनीवर जेवायचो.

"भाषेचे किती धरू?" मी विचारलं.

"सोळा. वीसपैकी सोळा. मला येते ती भाषा."

"परीक्षा द्यावी लागते म्हणे."

"देऊ की. नुसता उपचार आहे तो."

माल आत यायच्या आधी त्याची आवक दाखवायची नाही, हा स्टोअरचा पहिला नियम. तो मी त्या दिवशी मोडला. सोळा लिहिले आणि बेरीज केली. एकसष्ट.

"चार कमी पडतात, दादा."

"चार गुणांसाठी माणूस अडवतात?" मेव्हणा म्हणाला. "मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

मी पान उलटलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की पत्नीलाही भाषा येत असेल तर जादा पाच. एकसष्ट आणि पाच सहासष्ट. मी पेन ठेवलं आणि दाराशी बसलेल्या वहिनींकडे पाहिलं.

वहिनी म्हणजे मेव्हण्याची बायको. त्या दातांच्या लॅबमध्ये काम करतात. डॉक्टर माप पाठवतात, त्यावरून या कवळ्या बनवतात, दात बसवतात, घासून गुळगुळीत करतात. चौदा वर्षं हेच. लॅब एका इमारतीच्या तळघरात आहे आणि तिथे दिवस मावळला हे घड्याळाकडे पाहून कळतं. त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा मनगटापर्यंत पांढऱ्या असायच्या, आणि उजेडात आलं की आधी थोडा वेळ डोळे मिटून बसायच्या. मूलबाळ नाही. आमच्या घरात त्यांच्या कामाबद्दल मेव्हणा एवढंच सांगायचा की "ही दात घासते."

"वहिनी, तुम्हाला पाच गुण मिळवायचे आहेत," मी म्हटलं.

"कशात?"

"तिकडच्या भाषेत."

त्यांनी डोळे उघडले. "मला तिकडे कोण विचारतंय, भाऊजी?"

"तुला कोणीच विचारत नाहीये," मेव्हणा म्हणाला. "तू फक्त पास हो."

तर वहिनी अभ्यासाला लागल्या. शिकवायला माझे सासरे बसले. सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. परदेशचे कॉल जोडता जोडता त्यांना ती भाषा कानाने येऊ लागली होती. आयुष्यभर दोन माणसांचं बोलणं जुळवून दिल्यामुळे कुठेही दोघं बोलत असले की मध्ये असणं हा आपला हक्कच आहे, अशी त्यांची समजूत. वर्षानुवर्षं मेव्हणा त्यांना टाळत होता. आता त्यांना हक्काचा श्रोता मिळाला. सकाळी सहाला त्यांची खोली एक्स्चेंज होऊन जायची. "सूनबाई, तू हॅलो म्हण. मी तिकडून बोलतोय." दोघांच्या मध्ये एक हाताचं अंतर, आणि सासरे मात्र सात समुद्रांपलीकडून बोलावं तसे ओरडायचे.

पण वहिनींना खरी साथ मिळाली ती दातांची. हे मला त्यांनीच एकदा समजावलं. नवी कवळी बसवली की माणसाला बोलायला लावतात. अमुक आवाज फुसका निघाला तर पुढचे दोन दात अर्ध्या मिलिमीटरने बाहेर आहेत. तमुक आवाजाला जीभ अडखळली तर टाळूचा भाग जाड झालाय. कुठला आवाज तोंडात कुठे तयार होतो, हे त्यांना चौदा वर्षांत असं पाठ झालं होतं, जसा मला रॅकचा नंबर. परक्या भाषेतला अवघड शब्द आला की त्या प्लास्टरचा जबडा हातात घ्यायच्या, बोटाने जीभ कुठे टेकेल ते दाखवायच्या आणि मग शब्द उच्चारायच्या. तो शब्द असा खणखणीत यायचा की सासरे कान पुढे करून म्हणायचे, "लाइन क्लिअर."

शब्दांचे कागद धरायला कोणी तरी हवं होतं. मेव्हणा म्हणाला, "मी धरले की ती गोंधळते." म्हणून मी धरले. रोज संध्याकाळी दीड तास. त्या दिवसांत दोन्ही घरचा स्वयंपाक आमच्याच ओट्यावर झाला. वेळ वाचतो ना.

मेव्हण्याने अभ्यास केला नाही. तो सुटकेसचे भाव काढत होता.

परीक्षा एकाच दिवशी झाली, दोघांची वेगवेगळ्या खोलीत. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "ठीक गेली." मेव्हणा म्हणाला, "परीक्षक बाई तर माझ्याकडे बघतच राहिली."

"काय विचारलं तोंडी परीक्षेत?"

"तुम्हाला आवडणाऱ्या एका जागेचं वर्णन करा म्हणाली. मी म्हटलं, अशी एकही जागा इथे नाही. आणि का नाही, ते सांगायला घेतलं."

"किती वेळ?"

"तिने थांबवेपर्यंत."

"वेळ किती होता?"

"दोन मिनिटं. पण विषय दोन मिनिटांचा आहे का, भाऊजी? मी रस्त्यांपासून सुरू केलं. रांगेपर्यंत येतोय तोच बाई म्हणाली, धन्यवाद."

निकाल आला. वहिनींना वीसपैकी एकोणीस. मेव्हणा नापास. माझ्या रजिस्टरातले सोळा गुण, जे कधी आलेच नव्हते, ते मी लाल शाईने काढले. उरले पंचेचाळीस. वहिनींचे पाच धरले तरी पन्नास. पन्नासात मेव्हणा फार तर शेजारच्या गल्लीत गेला असता.

मग आम्ही एका सल्लागाराकडे गेलो. सल्लागार म्हणजे असा माणूस, जो तुमचेच कागद तुमच्याकडून घेतो, उलटे लावतो आणि परत देतो. त्याने खरोखरच तेवढंच केलं. वहिनींचा कागद वर ठेवला, मेव्हण्याचा खाली.

"बाईंचा धंदा त्यांच्या टंचाईच्या यादीत आहे," तो म्हणाला. "तिकडे दात बनवणारी माणसं नाहीत. व्यवस्थापक मात्र भरपूर आहेत. यांचे एकट्यांचे चौऱ्याऐंशी होतात. मुख्य अर्जदार या. तुम्ही यांच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती."

"कोण?" मेव्हणा म्हणाला.

"तुम्ही."

"कोणावर?"

सल्लागाराने बोट दाखवलं. वहिनी त्या वेळी त्याच्या भिंतीवरचा नकाशा बघत होत्या.

घरी आल्यावर तीन दिवस मेव्हणा बोलला नाही. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "कुठे निघालास?" तर म्हणाला, "माझ्यावर काय आहे, हिला विचारा." सासरे म्हणाले, "तिला विचारलं. ती म्हणाली तू भाजी आणायला निघालायस."

अर्ज अर्थात मीच भरला. अनुभवाचा रकाना भरताना मला पहिल्यांदा कळलं की मेव्हण्याचं काम मोजता येत नाही. तो खोक्यांच्या कंपनीत सहायक व्यवस्थापक. दिवसभर करतो काय, तर चार टेबलांशी जाऊन 'कुठपर्यंत आलं?' विचारतो, आणि पाचव्या टेबलाशी जाऊन ते सांगतो. याचं एकक काय लिहायचं? वहिनींचं सरळ होतं. दिवसाला बारा दात, वर्षाला तीनशे दिवस, चौदा वर्षं. पन्नास हजार चारशे दात. बत्तिसाने भागलं. एक हजार पाचशे पंच्याहत्तर पूर्ण माणसं, बाकी शून्य. मी तो आकडा बराच वेळ बघत बसलो. एवढी माणसं वहिनींच्या जिवावर जेवत होती आणि त्यातल्या एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं.

शेवटच्या पानावर दोन चौकोन होते. अवलंबून असलेली व्यक्ती कधी येणार? 'सोबत' किंवा 'नंतर'.

"सोबत लिहू ना?" मी विचारलं.

"म्हणजे मी तिच्या मागे मागे, तिची पिशवी धरून जायचं?" इतके दिवस साठलेला राग एकदम फुटला. "विमानतळावर तो अधिकारी विचारणार, तुम्ही कोण? मी काय सांगायचं, मी यांच्याबरोबरचा?"

त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मला दया आली. माझी दया नेहमी महागात पडते. मी म्हटलं, "मग 'नंतर' लिहू. नंतर म्हटलं की आपलं आपण आल्यासारखं वाटतं. स्वतंत्र."

स्वतंत्र हा शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. "तेच लिहा. मी आठवडाभराने जाईन. माझा माझा."

मी फुली मारली. खाली बारीक अक्षरं होती. पहिल्या पानाची बारीक अक्षरं वाचली म्हणून पाच गुण सापडले होते. शेवटच्या पानाची वाचली नाहीत. तपासणीवाल्यांसारखंच झालं, दोन पानं पाहिली आणि चहाची आठवण झाली. बायको तेव्हा चहाच घेऊन आली होती.

मुलाखत व्हिडिओवर होती, दुपारी दोनला, मेव्हण्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. बायकोने सकाळी जाऊन हॉल झाडून पुसून घेतला होता, आणि सासऱ्यांना आतल्या खोलीत गुंतवून ठेवायची कामगिरीही तिच्याकडेच होती, कारण दोन माणसं बोलत असताना सासरे मध्ये येणारच. वहिनी टेबलाशी बसल्या, गॅलरीच्या काचेच्या दाराकडे पाठ करून. मी कोपऱ्यात, कपाटाला चिकटून, पडद्यात दिसणार नाही असा. मेव्हणा कोट घालून सोफ्यावर. त्याला कोट घालायला कोणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर अधिकारी बाई आली. पांढरे केस, बारीक चष्मा. इतके महिने शब्दांचे कागद धरून मलाही बऱ्यापैकी कळू लागलं होतं. बाईने नाव विचारलं. वहिनींनी सांगितलं. बाईने काम विचारलं. वहिनींनी तोंड उघडलं आणि सोफ्यावरून मेव्हण्याने उत्तर दिलं. बाईने पुन्हा काम विचारलं. मेव्हण्याने पुन्हा, जरा मोठ्याने उत्तर दिलं.

"खोलीत आणखी कोण आहे?" बाई म्हणाली.

"माझे पती."

"अर्ज त्यांचा आहे की तुमचा?"

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. "माझा."

"मग त्यांना बाहेर जायला सांगा."

मेव्हणा गॅलरीत गेला. गेला म्हणजे दार चार बोटं उघडं ठेवून फटीला कान लावून उभा राहिला, आणि बाईच्या पुढच्या प्रश्नाला फटीतून हळूच "हो म्हण" असं म्हणाला. मी पडद्यात न येता कोपऱ्यातूनच हात लांबवला आणि दार लोटलं. खट्ट. ती कडी आपोआप लागते आणि फक्त आतून उघडते, हे मी विसरलो होतो. वहिनी विसरणं शक्य नव्हतं. चौदा वर्षं त्याच गॅलरीत त्या कपडे वाळत घालत होत्या.

दुपारचे दोन. फरशी तापलेली. मेव्हणा अनवाणी.

आत बाईने विचारलं, "आमच्या देशात तुम्हाला का यायचं आहे?"

याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. अकरा मुद्दे, मेव्हण्याचे, क्रमाने. वहिनींनी पहिला मुद्दा सुरू केला, "तिकडे संध्याकाळी पाच वाजता..." आणि थांबल्या. टेबलावरचे स्वतःचे हात बघितले. मग हळू, एकेक आवाज जागच्या जागी ठेवत म्हणाल्या, "मला खिडकी हवी आहे."

"कसली खिडकी?"

"कामाच्या जागी. मी तळघरात काम करते. दाताला चाळीस-पन्नास छटा असतात. त्या दिवसाच्या उजेडात जुळवायच्या असतात. मी चौदा वर्षं दिव्याखाली जुळवते. चुकत नाही माझं. पण बरोबर आलंय की नाही हे मला स्वतःला कधी दिसलेलं नाही."

बाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी कपाटाला आणखी चिकटलो.

काचेपलीकडे मेव्हणा आता एका पायावर होता. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. दोन्ही तळवे तो पुढे ढकलून दाखवत होता, म्हणजे दार ढकला, उघडा. त्याचा कोट आणि ते उड्या मारणं, लांबून पाहणाऱ्याला वाटावं की कसला तरी सराव चाललाय.

बाई म्हणाली, "तुमच्या अर्जात पतींसाठी 'नंतर' असं लिहिलंय. याचा अर्थ माहीत आहे ना? तुम्हाला तिकडे एक वर्ष पूर्ण झाल्यावर, आणि त्यांनी स्वतः भाषेची परीक्षा दिल्यावर. 'सोबत' हवं असेल तर आत्ता सांगा, मी बदलते. पण मग त्यांचा निकाल येईपर्यंत तुमचाही अर्ज थांबेल."

एक वर्ष. आणि परीक्षा, जी हा माणूस या जन्मी पास होणार नव्हता. 'सोबत' म्हणजे कधीच नाही. 'नंतर' म्हणजे एकटी.

बाईची नजर वहिनींच्या खांद्यावरून मागे गेली. "ते तुम्हाला काही सांगताहेत का?"

वहिनींनी मान वळवली. मेव्हण्याने त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात जिवाच्या आकांताने पुढे ढकलले. वहिनींनी ते हात बघितले. कडी बघितली. मग पडद्याकडे तोंड केलं.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणताहेत, तू हो पुढे."

मी बोलू शकलो असतो. एक पाऊल पुढे टाकून कडी काढली असती तरी पुरे होतं. बावीस वर्षांत चुकीची नोंद माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि मी बघत उभा राहिलो, असं एकदाच घडलं. ते तेव्हा.

मुलाखत संपल्यावर मी दार उघडलं. मेव्हणा सोफ्यावर कोसळला. वहिनींनी परात आणली, गार पाणी ओतलं, त्याचे पाय त्यात ठेवले.

"भाऊजी, कडी कोणी लावली?"

"माझ्याकडून लागली."

"काय विचारलं गं तिने?"

"तुमच्याबद्दल विचारलं."

"मग? काय सांगितलंस?"

"चांगलंच सांगितलं," वहिनी म्हणाल्या आणि त्याच्या तळपायाला हळुवार पाणी लावत राहिल्या.

दीड महिन्याने मंजुरी आली. मेव्हण्याने ऑफिसात सांगितलं, जिन्यात सांगितलं, ज्या शेजाऱ्यांच्या डोकावण्याला कंटाळून तो निघाला होता त्यांना बोलावून बोलावून सांगितलं. मग सल्लागाराने त्याच्या घरी येऊन पत्राचं दुसरं पान वाचून दाखवलं.

"नंतर म्हणजे एक वर्ष? हे 'नंतर' लिहिलं कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेसुद्धा.

"मग नकोच जाऊ दे हिने," मेव्हणा म्हणाला. "जाऊ तर दोघं जाऊ."

वहिनींनी हातातला रुमाल चार वेळा घडी केला आणि चार वेळा उलगडला. बोलले सासरे. आतल्या खोलीतून, नेहमीच्या सात समुद्रांपलीकडच्या आवाजात. "अरे, तिचा कॉल लागलाय. चौदा वर्षांनी लागलाय. तू मध्येच प्लग काढणार?"

मेव्हणा वाईट माणूस नाही. त्याला फक्त सगळं स्वतःला आधी हवं असतं, आणि तसं आपल्यातल्या कोणाला नको असतं? शेवटी म्हणाला, "जा. पण ती निळी सुटकेस ने. तिची चाकं चांगली आहेत. मी फिरवून बघितलीत."

वहिनी गेल्या त्याला आता चौदा महिने झाले. त्यांच्या लॅबला खिडकी आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. समोर एका इमारतीची कोरी भिंत. आम्ही म्हटलं, हे काय, भिंतच दिसते. वहिनी म्हणाल्या, "हो, पण तिच्यावर दुपारपर्यंत ऊन असतं." तिकडे त्यांना कोणी विचारत नाही, कुठे निघालीस, कधी येशील. बायकोने एकदा फोनवर विचारलं, बरं वाटतं का गं वहिनी? त्या म्हणाल्या, "पहिले दोन महिने फार बरं वाटलं. आता कधी कधी कुलूप लावताना मीच मोठ्याने सांगते, जाऊन येते हं. मग आठवतं, आत कोणी नाही."

मेव्हणा आठवड्यातून तीन संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जातो. पहिल्या दिवशी त्याने बाईंनाच विचारलं, "कुठपर्यंत आलं?" त्याच्याशी बोलण्याचा सराव करायला कोणी तयार होईना, म्हणून मलाही नाव घालावं लागलं. तो दोनदा नापास झालाय. मी पहिल्या खेपेला पास झालो, सतरा गुण. माझे एकूण सहासष्ट होतात. तो देश मला घ्यायला तयार आहे. मला कुठेही जायचं नाही.

परवा सुट्टी होती. म्हटलं, या प्रकरणाचा एकदा ताळा करू. कोणाला काय मिळालं, कोणी काय दिलं. वहिनींना खिडकी मिळाली, त्यांनी भरलं घर दिलं. मेव्हण्याला काहीच मिळालं नाही, आणि त्याने बरंच दिलं. आता तोच रोज फोन करून विचारतो, कुठे होतीस, इतका उशीर का. सासऱ्यांना परदेशचा कॉल मिळाला, दर रविवारी, त्यांच्याच भाषेत सांगायचं तर लाइन क्लिअर. मी माझ्या संध्याकाळी दिल्या आणि एक खोटी नोंद पोटात ठेवली. सगळं लिहून झालं, पण दोन्ही बाजू जुळेनात. खर्चाच्या बाजूला बरंच काही शिल्लक राहत होतं, जे कोणाच्याच नावावर नव्हतं. अठरा महिने दोन घरांचा स्वयंपाक. सासऱ्यांचं औषध, डोळ्यांच्या दवाखान्याच्या खेपा. मेव्हण्याचे शर्ट. जमिनीवरची जेवणं. माल तर गेला होता, चिठ्ठी कुठेच नव्हती.

मी कागद बायकोपुढे धरला. "हे कोणाच्या नावावर टाकू, कळत नाही."

तिने हात पुसले. कागद वाचला, वरपासून खालपर्यंत, बारीक अक्षरं असावीत तसा.

"यात मी कुठे आहे?" ती म्हणाली.

"तू? तुला कुठे जायचं होतं?"

"विचारलंत कधी?"

तिने ओट्यावरचा डबा उचलून माझ्यापुढे ठेवला. "बाबांची जेवणाची वेळ झालीय. देऊन या. तीन मजले आहेत, झाकण सांभाळा."

मी निघण्याआधी त्या रिकाम्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. हिशेब लगेच जुळला.